सहायक सरकारी अभियोक्ता झाल्यावर आपले मत कितपत आपले राहते?

मांजराकाठ :

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात सहा वर्षांपासून वकिली करते. कामाचा मोठा भाग फौजदारी आहे आणि तोही जवळजवळ सगळा आरोपीच्या बाजूने: चोरी, बांधावरून झालेली मारामारी, दारूबंदी कायद्याचे कलम 65(ई), जुगार कायद्याचे कलम 12(अ) आणि अधूनमधून 498अ (विवाहितेचा सासरी छळ). लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या सहायक सरकारी अभियोक्ता (न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सरकार पक्षाचे खटले चालवणारा वकील) पदाची परीक्षा द्यावी, असे वर्षभर मनात घोळते आहे. मुलीने पगाराच्या नोकरीत जावे असे वडिलांना वाटते हे खरे, पण माझे कारण तेवढेच नाही. फौजदारी खटल्यात सर्वांत आधी संपूर्ण कागद ज्याच्या हाती येतो आणि त्या कागदाचे काय करायचे हे ज्याला ठरवता येते, त्या जागी बसून काम करावे अशी मला मनापासून इच्छा आहे.

मात्र मागच्या महिन्यात एक प्रसंग घडला आणि तेव्हापासून शंका जात नाही. एकोणीस वर्षांचा एक मुलगा मोटारसायकल चोरीच्या आरोपाखाली अकरा दिवस कोठडीत होता. मोटारसायकल जप्त झालेली होती. जामीन अर्जावर सरकार पक्षाचे म्हणणे मागवले गेले, तेव्हा त्यात तीन ओळी आल्या: गुन्हा गंभीर आहे, आरोपी साक्षीदारांवर दबाव आणील, सबब अर्ज नामंजूर करावा. त्या दिवशी बोर्डावर (दिवसाच्या कामाच्या यादीत) असलेल्या आणखी दोन अर्जांवरही अक्षरशः याच तीन ओळी होत्या, आणि त्यांपैकी एका प्रकरणात पोलिसांखेरीज दुसरा साक्षीदारच नव्हता.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले, ते ज्येष्ठ वकील म्हणतात, “त्या खुर्चीत बसलीस की मत पोलीस ठाण्यातून येईल आणि सही तुझी असेल.” हे खरे आहे का? ज्यांनी या पदावर प्रत्यक्ष काम केले आहे किंवा त्या कामाशी ज्यांचा जवळून संबंध आला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. रोजच्या कामाचे स्वरूप काय असते, आणि एखादी फाइल आपल्याला स्वतःलाच पटत नसेल तर अभियोक्ता नेमके काय करू शकतो, हे मला समजून घ्यायचे आहे.

जुना अभियोक्ता :

ताई, तुमच्या गुरूंनी सांगितले ते काही खुर्च्यांबाबत खरे आहे, पण त्या पदाबाबत खरे नाही. हा भेद कसा निर्माण झाला, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

1 एप्रिल 1974 रोजी नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचे खटले पोलीस प्रॉसिक्युटर चालवत असत. ते पोलीस खात्याचेच नोकर होते. नव्या संहितेच्या कलम 25 ने सहायक सरकारी अभियोक्ता हे वेगळे पद निर्माण केले आणि तपासात भाग घेतलेल्या पोलीस अधिकाऱ्याला त्या पदावर नेमता येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. आपल्या राज्यात त्या वेळी असलेल्या पोलीस प्रॉसिक्युटरांनाच नवे पदनाम देण्यात आले, पण त्यांच्यावरचा ताबा पोलीस खात्याकडेच राहिला. हा प्रश्न ‘एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1995 मध्ये न्यायालयाने असा निर्देश दिला की, अभियोक्त्यांचा स्वतंत्र संवर्ग असावा आणि त्यावर पोलीस खात्याचे प्रशासकीय अथवा शिस्तविषयक नियंत्रण नसावे. मी सेवेत आलो तो या निकालानंतर. आमच्या आधीच्या पिढीतील काही जण सांगत की, पूर्वी युक्तिवाद उभा करताना आपला गोपनीय अहवाल कोण लिहिणार आहे याची आठवण पाठीमागे उभी असे. तुम्ही ज्या संवर्गात येऊ पाहता, तो या भीतीतून सुटण्यासाठीच वेगळा काढलेला आहे. म्हणून “मत पोलीस ठाण्यातून येईल” हे वाक्य मला विशेष लागले.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1994 मध्ये, ‘हितेंद्र विष्णू ठाकूर विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या टाडा (दहशतवादविरोधी कायदा) प्रकरणातील निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, सरकारी अभियोक्ता हा तपास यंत्रणेचा भाग नाही आणि पोलिसांची मागणी पुढे ढकलणारे टपाल कार्यालयही नाही. तपासासाठी मुदतवाढ मागणारा अहवाल देण्यापूर्वी त्याने स्वतः विचार केला पाहिजे. प्रश्न टाडाखालच्या मुदतीचा होता, पण त्यामागचे तत्त्व तुमच्या त्या तीन ओळींच्या म्हणण्याला थेट लागू पडते. पुढे 1999 मध्ये ‘शिवकुमार विरुद्ध हुकूमचंद’ या निकालात न्यायालय आणखी पुढे गेले. आरोपीला कायद्याने मिळू शकणारा एखादा फायदा असेल, तर तो अभियोक्त्याने दडवू नये, उलट पुढे आणावा. बचाव पक्षाच्या वकिलाच्या नजरेतून तो सुटला असेल तर न्यायालयाच्या निदर्शनास आणण्याची जबाबदारी अभियोक्त्यावर अधिकच आहे, असा त्याचा आशय आहे. परीक्षेसाठी हे निकाल सगळेच पाठ करतात. ते आचरणात आणण्याची वेळ मात्र फार लहान जागी येते, बहुधा न्यायालयाच्या व्हरांड्यात.

माझा एक अनुभव सांगतो. कलम 324 चा खटला होता, बांधावरून झालेली मारामारी, चार आरोपी. ज्याला प्रत्यक्षदर्शी म्हणून दाखवले होते तो ट्रॅक्टरचालक साक्षीच्या दिवशी सकाळी मला व्हरांड्यात म्हणाला, “साहेब, मी पोचलो तेव्हा सगळं मिटलं होतं. माझं नाव घातलंय.” माझ्यासमोर तीन वाटा होत्या. त्याला जबाबाप्रमाणे बोलायला सांगणे ही पहिली, आणि ती वाट गुन्ह्याची आहे. त्याला साक्षीदार म्हणून वगळणे ही दुसरी. ती कायद्याला धरून आहे, कारण यादीतला प्रत्येक साक्षीदार तपासण्याचे बंधन सरकार पक्षावर नाही, पण मग त्याला जे ठाऊक होते ते न्यायालयापुढे कधीच आले नसते. मी तिसरी घेतली. त्याला पिंजऱ्यात उभे केले, तुम्ही घटनास्थळी केव्हा पोहोचलात एवढे सरळ विचारले आणि त्याने दिलेले उत्तर जसेच्या तसे नोंदवू दिले. त्याला फितूर घोषित करण्याची परवानगी मी मागितली नाही, कारण माझ्या समजुतीप्रमाणे तो माणूस फितूर झाला नव्हता, तो खरे बोलत होता. पुढे जखमी इसमाची साक्ष आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांवर दोन आरोपींना शिक्षा झाली आणि दोन सुटले. जखमी इसमाचा भाऊ त्यानंतर माझ्याशी कधीही बोलला नाही. तपासी अंमलदारही बरेच दिवस नाराज होते. ही किंमत द्यावी लागते आणि ती माहीत असूनच या सेवेत यावे, असे मला वाटते.

दबावाचा दुसरा प्रकार वरून येतो, खटला मागे घेण्याच्या रूपाने. जुन्या संहितेचे कलम 321, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 360. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे शासन निर्णय आपल्याकडे वेळोवेळी निघतात. शासन निर्णय हातात आला म्हणजे खटला संपला, असा अनेकांचा समज असतो. कायद्याने अर्ज अभियोक्त्याने करायचा आहे, तोही स्वतः विचार करून, आणि त्याला न्यायालयाची संमती लागते; नव्या कलमाने पीडित व्यक्तीला म्हणणे मांडण्याची संधी देणेही आवश्यक केले आहे. आजी-माजी खासदार-आमदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2021 मध्ये दिला. माझ्या सेवेत दोनदा मी लेखी अभिप्राय दिला की या प्रकरणात माघार सार्वजनिक हिताची ठरणार नाही. एकदा तो मानला गेला, एकदा दुसऱ्या सहकाऱ्याकडे फाइल गेली. नोकरी मात्र दोन्ही वेळा शाबूत राहिली, हेही तुम्हाला सांगितले पाहिजे.

सकाळचे रिमांड :

मी सध्या याच पदावर काम करते, त्यामुळे जिल्हा सांगत नाही. वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त माझ्या अनुभवाने असे म्हणेन की स्वातंत्र्य गमावण्याचे सर्वांत मोठे कारण दबावापेक्षा वेळेचा अभाव हे आहे. ज्या तीन ओळी तुम्ही वाचल्या, त्या फोनवरून कोणी सांगितलेल्या असतीलच असे नाही. ज्याने फाइल उघडलीच नाही, त्याच्याकडे लिहायला दुसरे काही नसते.

माझ्याकडे एका न्यायालयाचे काम असते आणि शेजारच्या न्यायालयातील जागा रिकामी असल्यामुळे त्याचा प्रभारही असतो. सकाळी साडेदहाला पैरवी अंमलदार (न्यायालयीन कामासाठी नेमलेले पोलीस) समन्स-वॉरंटची बजावणी झाली की नाही ते सांगतात. अकरा वाजता बोर्ड पुकारला जातो. कोणते साक्षीदार आले आहेत, मुद्देमाल आणला आहे की नाही, पंच कोठे आहेत, हे सगळे त्या अर्ध्या तासात कळते, आणि एकाच वेळी दोन न्यायालयांत पुकारा झाला तर एका साक्षीदाराला थांबवून ठेवावे लागते. दुपारनंतर रिमांड येते. अटकेचे कागद हातात आल्यावर मी तपासी अंमलदारांना पहिला प्रश्न विचारते की पोलीस कोठडी कशासाठी हवी आहे, काय हस्तगत करायचे राहिले आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक का आवश्यक होती याची कारणे लेखी असली पाहिजेत, हे ‘अर्नेश कुमार’ निकालाने 2014 मध्येच सांगितले आहे. ती कारणे नसतील तर मी न्यायालयात उभी राहून काय सांगणार? हा प्रश्न व्हरांड्यात विचारला की तपासी अंमलदारांना राग येत नाही. तो न्यायासनाकडून आला की येतो. म्हणून तो आधी मीच विचारते.

खरे काम संध्याकाळी घरी सुरू होते. उद्याच्या साक्षीदाराचा जबाब, त्याचे फिर्यादीशी जुळणारे आणि न जुळणारे मुद्दे, घटनास्थळ पंचनाम्यातील चतुःसीमा, जप्ती पंचनाम्यावरील सीलचे वर्णन आणि रासायनिक विश्लेषकाच्या अहवालातील सीलचे वर्णन एकच आहे का, हे सर्व आदल्या रात्री पाहिले नाही तर सरतपासणी (आपल्याच साक्षीदाराला विचारायचे प्रश्न) म्हणजे नुसती जबाबाची उजळणी होते आणि उलटतपासणीत साक्षीदार एकटा पडतो. 1 जुलै 2024 पासून दोन्ही कायदे टेबलावर ठेवावे लागतात. जुनी प्रलंबित प्रकरणे जुन्या संहितेने चालतात आणि नवी नव्याने. सकाळच्या साक्षीदाराला 161 चा (पोलिसांनी तपासात नोंदवलेला) जबाब दाखवायचा असतो, तर दुपारच्या साक्षीदाराचा जबाब 180 खालचा असतो. मोबाइलमधील चित्रफीत किंवा सीसीटीव्हीचा पेन ड्राइव्ह असेल तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग लागतात, एक ते उपकरण ज्याच्या ताब्यात होते त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. हॅश मूल्य (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे पडताळण्याचा सांकेतिक आकडा) लिहिलेले नाही म्हणून दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वीच मी कागद परत दाखवले आहेत. अभियोक्ता असा सल्ला देऊ शकतो. दोषारोपपत्र दाखल करायचे की समरी अहवाल (खटला न चालवता तपास बंद करण्याचा अहवाल) पाठवायचा, हा निर्णय मात्र पोलिसांचाच राहतो. ‘आर. सरला विरुद्ध टी. एस. वेलू’ या 2000 सालच्या निकालाने ती रेषा स्पष्ट केली आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी पाळावी लागते.

498अ च्या फिर्यादी महिलांविषयी थोडे लिहिते, कारण तुम्ही त्या खटल्यांत समोरच्या बाजूने उभ्या राहिल्या आहात. घरात समझोता झालेला असतो, मूल शाळेत जात असते, आणि गुन्हा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर आपसात मिटवता येणारा नसतो. उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घेण्याइतके पैसे कोणाकडेच नसतात. मग ती पिंजऱ्यात येते आणि “मला काही आठवत नाही” म्हणते. तिला फितूर घोषित करून जबाबातील मजकूर तिच्यापुढे मांडणे हे माझे कर्तव्य आहे आणि ते मी करते. पण सुरुवातीच्या काळात मी ते ज्या आवाजात करत असे, त्याचा मला आजही खेद वाटतो. जणू तिने माझा खटला बुडवला, अशा आवाजात मी प्रश्न विचारत होते. एका वयस्कर न्यायाधीशांनी मला नंतर त्यांच्या कक्षात बोलावून एवढेच विचारले की, त्या बाई आज कोणत्या घरी परत जाणार आहेत हे तुम्ही त्यांना विचारले होते का. मी विचारले नव्हते. आता साक्षीपूर्वी ते विचारते, आणि तिच्यावर दबाव असल्याचे दिसले तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो हे तिला सांगते. 2018 पासून ती योजना आहे. लहान गावांत तिचा अर्ज कसा करायचा हे फार थोड्यांना माहीत असते.

तपासी फौजदार :

मी पोलीस उपनिरीक्षक आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वरील दोन्ही प्रतिसाद वाचून मला समाधान वाटले, कारण असे अभियोक्ते लाभले तर आमचे काम सुधारते. परंतु स्वातंत्र्य म्हणजे अंतर असा अर्थ काही जण घेतात आणि त्याने खटल्याचे नुकसान होते. माझ्या एका प्रकरणात मी केलेला तपास अभियोक्त्यांनी पहिल्यांदा वाचला तो माझी साक्ष सुरू असताना. पंचनाम्यावरील वेळेत चूक होती, ती लेखनिकाची होती आणि स्टेशन डायरीतील नोंदीवरून सहज स्पष्ट करता आली असती. मला तो प्रश्न विचारलाच गेला नाही. आरोपी सुटला.

‘गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई’ या जानेवारी 2014 च्या निकालानंतर प्रत्येक निर्दोष सुटकेची कारणे तपासून तपास किंवा अभियोग यांतील चूक कोणाची हे ठरवण्याची व्यवस्था करण्याचे निर्देश आहेत. प्रत्यक्षात खुलासा मागितला जातो तो बहुतेक वेळा तपासी अंमलदाराकडे. तो देण्यास आमची ना नाही. फक्त खटला सुरू होण्यापूर्वी अर्धा तास आम्हाला बोलावून फाइलमधील उणिवा सांगणारा अभियोक्ता आम्हाला हवा असतो. ताई, तुम्ही आरोपीच्या बाजूने काम केलेले आहे, म्हणजे आमचे पंचनामे कोठे फाटतात ते तुम्हाला नेमके माहीत आहे. ही तुमची अडचण नसून मोठीच पात्रता आहे.

फिर्यादीची मुलगी :

माझा कायद्याशी व्यावसायिक संबंध नाही. माझ्या आईचा रस्ता ओलांडताना टेम्पोच्या धडकेने मृत्यू झाला आणि वडील त्या खटल्यात फिर्यादी होते. पहिल्या तीन तारखांना आम्ही साठ किलोमीटर प्रवास करून गेलो आणि तिन्ही वेळा संध्याकाळी चार वाजता कळले की आज साक्ष होणार नाही. आमच्याशी कोणीही दोन वाक्ये बोलले नाही. वडिलांनी चौथ्या वेळी येणार नाही असे सांगितले होते. मीच त्यांना नेले.

मधल्या काळात सरकारी वकील बदलले होते. नव्या बाईंनी वडिलांना व्हरांड्यातील बाकावर बसवले, स्वतः शेजारी बसल्या आणि पाच-सात मिनिटांत सगळे सांगितले: न्यायाधीश कोठे बसतात, आरोपीचे वकील कोण, प्रश्न कोणत्या क्रमाने येतील. शेवटी म्हणाल्या, “काका, जे आठवत नाही ते आठवत नाही असेच सांगा. टेम्पोचा वेग तुम्ही पाहिला नसेल तर पाहिला नाही म्हणा. त्याने काही बिघडत नाही.” वडिलांनी तसेच सांगितले. आरोपी पुढे पुराव्याअभावी सुटला. आम्हाला वाईट वाटलेच. तरीही वडील त्या बाईंचे नाव अजून आदराने घेतात आणि मला त्याचे आश्चर्य वाटत नाही. आईच्या मृत्यूविषयी त्यांना नीट बोलता आले ते त्या एका दिवशीच.

मांजराकाठ :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरील प्रतिसाद मी वडिलांनाही वाचून दाखवले. दोन गोष्टी आणखी विचारते. सत्र न्यायालयातील सरकारी वकील आणि हे पद यांत नेमका फरक काय, आणि या सेवेत गेल्यावर पुढे जिल्हा न्यायाधीश पदाच्या परीक्षेचा मार्ग बंद होतो का? आणि जुना अभियोक्ता यांना विशेष विनंती: जामीन अर्जावरचे म्हणणे तुम्ही स्वतः कसे लिहीत होता, ते शक्य असल्यास सांगावे. माझ्या मनातून तो मुलगा जात नाही. त्याला पुढे जामीन मिळाला, पण आणखी नऊ दिवसांनी.

जुना अभियोक्ता :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. सहायक सरकारी अभियोक्ता हे कायम सेवेचे पद आहे, गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखाली येते आणि त्याचे काम न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयांत चालते. सत्र न्यायालयात जिल्हा सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी अभियोक्ते उभे राहतात. त्यांची नेमणूक वकिली करणाऱ्यांतून, ठरावीक मुदतीसाठी, विधी व न्याय विभागाकडून होते आणि त्यासाठी किमान सात वर्षांची वकिली लागते. वर्तमानपत्रांत ज्यांची नावे येतात ते विशेष सरकारी अभियोक्ते एखाद्या विशिष्ट खटल्यापुरते किंवा खटल्यांच्या वर्गापुरते नेमले जातात आणि त्यांना दहा वर्षांचा अनुभव लागतो. न्यायाधीशपदाचा मार्ग बंद होत नाही. ‘दीपक अगरवाल विरुद्ध केशव कौशिक’ या 2013 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अभियोक्ते हे संविधानाच्या अनुच्छेद 233 च्या (जिल्हा न्यायाधीशांच्या नेमणुकीविषयीच्या) अर्थाने वकीलच असल्याचे मान्य केले आहे, कारण ते न्यायालयात उभे राहून काम चालवतात.

आता म्हणण्याविषयी. मीही सुरुवातीची काही वर्षे तुम्ही वाचल्या तशाच तीन ओळी लिहीत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. ‘हरकत नाही’ असे लिहिले तर कोणीतरी संशय घेईल, ही भीती होती. संशय पैशांचाच घेतला जातो, हे तुम्हाला वकील म्हणून ठाऊक आहे. त्यामुळे विरोध करणे सर्वांत सुरक्षित वाटे. ती सवय मोडली ती एका तरुण हमालाच्या प्रकरणात. तोही चोरीचाच गुन्हा होता, मुद्देमाल मिळालेला होता आणि तपासी अंमलदारांच्या अहवालात कोठडीची गरज दाखवणारे एकही वाक्य नव्हते. मी त्यांना बोलावून विचारले की आता याच्याकडून काय हवे आहे. ते म्हणाले, काही नाही.

त्या दिवशी मी म्हणण्यात लिहिले: ‘चोरीस गेलेला मुद्देमाल जप्त झाला असून तपास जवळजवळ पूर्ण झाला आहे. आरोपीविरुद्ध पूर्वीचा गुन्हा दाखल असल्याचे अभिलेखावर नाही. आरोपी याच गावचा रहिवासी आहे. सक्षम जामीनदार घेऊन, पोलीस ठाण्यात हजेरीची अट घालून आणि साक्षीदारांशी संपर्क न करण्याच्या अटीवर अर्ज मंजूर झाल्यास सरकार पक्षाची हरकत नाही.’ खाली नाव आणि तारीख घातली, कारणे लिहिलेली होती म्हणून सही करताना हात अडखळला नाही. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला. पोलीस ठाण्यातून संध्याकाळी दूरध्वनी आला, बोलणे फारसे गोड नव्हते. मी त्यांना एवढेच सांगितले की कोठडी हवी असेल तर का हवी ते अहवालात लिहा, मी त्यासाठी भांडेन. त्यानंतर महिन्याभरात एका दरोड्याच्या तयारीच्या प्रकरणात त्यांनी तीन पाने भरून कारणे लिहून पाठवली: फरार साथीदारांची नावे, हत्यार कोठून आणले याचा धागा, कोणत्या साक्षीदाराला कोणी धमकावले याची नोंद. मी जामिनाला कडाडून विरोध केला आणि न्यायाधीश महोदयांनी माझे म्हणणे संपूर्ण वाचून घेतले.